करवंटीचा कोळसा की सक्रिय कार्बन? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

शेतातल्या आणि बाजारातल्या टाकाऊ मालापासून सक्रिय कार्बन (म्हणजे फिल्टरमध्ये असतो तो अॅक्टिव्हेटेड कार्बन) करता येतो का, याविषयी आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

नारळाच्या करवंट्या जुन्या कुकरमध्ये गॅसवर जाळल्या, कोळसा मिक्सरमधून काढला आणि शाईच्या पाण्यात टाकला. पाणी निळं राहिलंच, वर काळंही झालं. कॉलेजच्या प्रदर्शनात हा प्रयोग ठेवायचा आहे. काय चुकलं? (अकरावी विज्ञान शाखेतली विद्यार्थिनी, दादर)

तू केलास तो कोळसा आहे, सक्रिय कार्बन नाही. करवंटी ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत हवाबंद तापली की ओल, वायू आणि डांबर निघून जातं आणि कार्बनचा सांगाडा उरतो. त्यात छिद्रं असतात, पण जाता जाता डांबर नेमकं त्यांच्या तोंडाशी बसतं. त्यामुळे अशा कोळशाचं आतलं पृष्ठफळ ग्रॅममागे बहुतेक वेळा १०० चौरस मीटरच्याही आत राहतं. तीच करवंटी नीट सक्रिय केली तर ८०० ते १२०० चौरस मीटर मिळतं. रंगाचे रेणू चिकटतात ते या आतल्या भिंतींना. मिक्सरमध्ये कितीही बारीक दळलंस तरी बुजलेली छिद्रं उघडत नाहीत. उलट बारीक पूड गाळणीतून निसटते आणि पाणी काळं दिसतं.

सक्रिय करण्याचे दोन मार्ग आहेत. कारखाने बहुधा वाफेचा मार्ग घेतात. ८५० ते ९५० अंशांना कोळशावरून वाफ सोडली की वाफ थोडा कार्बन खाते आणि छिद्रं मोकळी, रुंद होतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणजे एक विषारी आणि दोन्ही ज्वालाग्राही. कॉलेजात हा मार्ग नको. दुसरा मार्ग फॉस्फोरिक आम्लाचा, तो ४५० अंशांत होतो. तो प्रयोगशाळेत, सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखाली, धूर ओढणाऱ्या कपाटाची सोय असेल तरच कर. घरी नाही.

करवंटीवरचं खोबरं आणि काथ्याचे धागे पूर्ण खरवडून काढ, कारण खोबऱ्याच्या तेलाने धूर आणि डांबर दोन्ही वाढतं. करवंटी धुऊन, वाळवून, लोखंडी खलबत्त्यात कुटून १ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळ. २० ग्रॅम पूड घे. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल २१ मिली मोजून ४० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात सावकाश ओत. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. या मापाने पुडीच्या दीडपट शुद्ध आम्ल बसतं. पूड त्यात रात्रभर भिजू दे आणि मग ११० अंशांच्या ओव्हनमध्ये पाणी उडेपर्यंत ठेव. तळाला काळपट चिकट लगदा दिसला की ठीक चाललं आहे. तेव्हापासूनच आम्ल लाकडाची घडण मोडायला लागलेलं असतं.

लगदा पोर्सेलीनच्या मुशीत अर्ध्यापर्यंतच भर, कारण तापताना तो फुगतो. झाकण लाव. मफल भट्टीचं तापमान मिनिटाला ५ अंशांनी वाढवत ४५० अंशांवर ने आणि एक तास तिथेच धर. घाई केलीस तर लगदा उतू जातो आणि भट्टीच्या विटांना आम्ल लागतं. ५०० अंशांच्या वर गेलीस तर तयार झालेली छिद्रं पुन्हा आकसतात. मुशीची चकाकी या आम्लाने जाते, म्हणून तीच मूस पुढे वजनाच्या नाजूक कामाला वापरू नये. लोखंडी डबी तर नकोच. आम्ल लोखंड खातं आणि ते कार्बनमध्ये येतं. झाकण भट्टी पूर्ण निवल्यावरच काढ. गरम असताना उघडलंस तर समोर करडी राख होताना दिसेल.

सगळ्यात जास्त कंटाळा धुण्याचा, आणि बहुतेक जण तिथेच घसरतात. गरम ऊर्ध्वपातित पाण्याने धुत राहा, पीएच ६ ते ७ येईपर्यंत. शेवटच्या धुणाच्या थोड्या पाण्यात नायट्रिक आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घालून कोमट कर. पिवळा साका आला तर फॉस्फेट अजून आहे. मग ११० अंशांना वाळव. २० ग्रॅममधून ८ ते १० ग्रॅम कार्बन हाती यावा.

शाई सोड. शाईत काय काय असतं ते कंपनीगणिक बदलतं. क्रॉफर्ड मार्केटच्या शोभेच्या माशांच्या दुकानांत मिथिलीन ब्लू हा निळा रंग मिळतो, माशांच्या बुरशीवरचं औषध म्हणून विकतात. फिकट आकाशी होईल इतके थेंब पाण्यात टाक. तीन चंचुपात्रांत १००-१०० मिली घे: एकात काहीच नको, दुसऱ्यात तुझा जुना कोळसा ०.१ ग्रॅम, तिसऱ्यात नवा कार्बन ०.१ ग्रॅम. अर्धा तास ढवळ आणि गाळ. एक खोच लक्षात ठेव: गाळणकागद स्वतःच मिथिलीन ब्लू ओढतो. तिन्ही पात्रं सारख्याच कागदातून गाळ आणि पहिले २० मिली टाकून दे, नाहीतर कागदाची करामत कार्बनच्या नावावर जमा होईल. पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंग तर चुकूनही वापरू नकोस. त्याची कार्बनशी रासायनिक क्रिया होते, म्हणून साध्या कोळशानेही तो जातो आणि बघणारे उगाच टाळ्या वाजवतात.

लिंबाचा रस किंवा कॅल्शियम क्लोराइड लावून कोळसा सक्रिय होतो, असे व्हिडिओ फिरतात. खरं आहे का? (अनेक वाचक)

लिंबाने नाही. तयार कोळशाला रस चोळून ओव्हनमध्ये वाळवला की थोडी राख धुतली जाते, एवढंच. कॅल्शियम क्लोराइड कोळसा होण्याआधी कच्च्या मालात मुरवून तापवलं तर किंचित फरक पडतो. तयार कोळशावर ते लावून १०० अंशांना वाळवण्यात काही अर्थ नाही. कॉस्टिक पोटॅशची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची) कृतीही कुठे कुठे दिली जाते. तिच्यातून खरोखर उत्तम कार्बन मिळतो, पण ७०० ते ८०० अंशांना धातुरूप पोटॅशियमची वाफ सुटते आणि ती ओलाव्याशी भडकते. ती कृती वाचून सोडून द्या.

आमच्या संस्थेच्या आवारातल्या देवळात रोज बरेच नारळ फुटतात, फाटकाशी शहाळेवाला आहे, कोपऱ्यावर रसवंती. हा सगळा माल आवारातच भट्टीत घालून कार्बन करावा असा ठराव येतो आहे. सल्ला द्यावा. (सचिव, गृहनिर्माण संस्था, मुलुंड)

सचिवसाहेब, भट्टीचा भाग ठरावातून काढा आणि बाकी राहू द्या. उघड्यावर कचरा जाळायला मुंबईत बंदी आहे, आणि पिंपातली भट्टी पहिला तासभर जो पांढरा दाट धूर सोडते तो चौथ्या मजल्यापर्यंत सहज जातो. त्या धुरात डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही असतं.

आता माल. तिन्ही वस्तू एका पोत्यात घालू नका, कारण तिघींचा कार्बन निरनिराळा होतो. पिकल्या नारळाची करवंटी या धंद्यातलं सोनं. ती घट्ट, लिग्निनने (लाकडाला कठीणपणा देणाऱ्या द्रव्याने) भरलेली असते आणि तिच्यातून कठीण दाणा मिळतो; बहुतेक छिद्रं २ नॅनोमीटरच्या आतली. पाण्यातला क्लोरीन, वास आणि लहान सेंद्रिय रेणू यांना ती अचूक. शहाळ्यात मात्र करवंटी धरलेलीच नसते. जवळजवळ सगळं ओलं सोडण आणि पाणी. ते वाळवण्यातच सगळं इंधन जाईल. शहाळी तुकडे करून खतात जाऊ द्या. रसवंतीचं चिपाड वाळवलं तर कार्बन होतो, पण हलका आणि ठिसूळ. त्याची पूडच वापरता येते. फिल्टरच्या नळीत भरायचा दाणा त्यातून होत नाही.

हिशेबही मांडून बघा. एका नारळाची करवंटी कोरडी असताना साधारण १०० ते १२५ ग्रॅम भरते, म्हणजे १०० किलोला ८०० ते १००० नारळ. त्यातून कोळसा येतो २५ ते ३० किलो आणि वाफेने सक्रिय करताना त्यातला निम्म्याच्या आसपास जळून जातो. हातात १२ ते १५ किलो. देवळाच्या करवंट्या सुकवून, खोबरं काढून, पोत्यांत भरून कोळसा करणाऱ्या व्यापाऱ्याला देणं हाच व्यवहार ठरेल. खोबरं राहिलेली करवंटी पावसाळ्यात दोन दिवसांत बुरसटते आणि उंदीर येतात, तेवढं मात्र सांभाळा.

कोणाच्या गावी मोकळी जागा असेल आणि पिंपात कोळसा करायचाच असेल तर खूण अशी: धूर पांढरा असेतो ओल आणि डांबर जातंय, तो पातळ आणि निळसर झाला की खालची भोकं आणि वरचं झाकण मातीने लिंपायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. चांगला कोळसा आपटला की खणखणीत वाजतो, तुटलेली कड चकाकते. तपकिरी डाग दिसले तर आच कमी पडली. ताजा कोळसा लगेच पोत्यात भरू नये. तो हवेतला ऑक्सिजन ओढून आपोआप तापतो आणि ढिगात पेटलेला निखारा सापडतो, म्हणून पातळ पसरून एक दिवस ठेवावा.

कपडा रंगवण्याचा छोटा कारखाना आहे. सांडपाण्याचा रंग जात नाही. स्वस्तात चिपाडाचा कार्बन मिळतोय, पाण्यात किती टाकू? (भिवंडी)

किती, ते तुमच्याच पाण्यावर तपासल्याशिवाय कुणीही सांगू शकणार नाही, आणि जो सांगेल त्याच्याकडून माल घेऊ नका.

पण आधी क्रम बघू. कार्बन ही शेवटची पायरी असते. पाण्यात खळ, तेल, तंतू असतील तर ते छिद्रांच्या तोंडावर थर धरतात आणि रंगाच्या वाट्याला काही उरत नाही. आधी जाळी, मग पीएच बरोबर करून तुरटी किंवा फेरिक क्लोराइडने साका बसवा. पॉलिएस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे ते तिथेच बरेचसे खाली बसतात. त्यांच्यावर कार्बन खर्च करणं म्हणजे पैसे नाल्यात. सुताचे रिअॅक्टिव्ह रंग विरघळलेले असतात, तुरटीला दाद देत नाहीत. कार्बनची खरी गरज यांनाच.

हे रेणू मोठे असतात. म्हणून करवंटीच्या बारीक छिद्रांपेक्षा २ ते ५० नॅनोमीटरची छिद्रं असलेला, म्हणजे लाकडाचा किंवा चिपाडाचा फॉस्फोरिक आम्लाने केलेला कार्बन इथे उजवा. स्वस्त चिपाडाचा कार्बन तुम्हाला चालू शकतो, तो खरोखर सक्रिय केलेला असेल तर. साखर कारखान्याच्या बॉयलरमधली राखही कधी कधी त्याच नावाने विकली जाते. तिच्यात न जळलेला कार्बन थोडा असतो आणि थोडा रंगही ती ओढते, पण भाव राखेचा द्या. चिमूटभर माल भट्टीत ६५० अंशांना जाळून उरलेलं वजन बघा. चिपाडाच्या कार्बनमध्ये राख पाव हिस्सा निघाली तर समजून जा.

तपासणीसाठी साका बसलेलं, निवळलेलं पाणी पाच बाटल्यांत प्रत्येकी ५०० मिली घ्या. पूड वाळवून ०, ०.२५, ०.५, १ आणि २ ग्रॅम टाका, म्हणजे लिटरला ० ते ४ ग्रॅम. दोन तास सतत हलवा, गाळा आणि रंगमापकावर दर वेळी एकाच तरंगलांबीला मोजा. कार्बन दुप्पट केला म्हणजे रंग दुप्पट जाईल असं होत नाही. पाणी जितकं फिकं होत जाईल तितका प्रत्येक ग्रॅम कमी रंग उचलतो. म्हणून सगळी मात्रा एकदम ओतण्यापेक्षा दोन हप्त्यांत, मध्ये गाळून टाकली तर तेवढ्याच कार्बनमध्ये जास्त रंग निघतो. रिअॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, पाणी किंचित आम्लधर्मी केलं की ते अधिक चिकटतात. पीएच ४ आणि ७ अशा दोन्ही ठिकाणी चाचणी करून बघा. मात्र सोडण्याआधी पीएच परत आणावा लागेल, तो खर्च धरा.

रंगवताना टाकलेलं मीठ कार्बनला दिसतच नाही. रंग शून्य झाला तरी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, तसाच राहणार. आणि रंगाने भरलेला कार्बन घातक कचऱ्यात मोडतो. तो भंगारवाल्याला किंवा वीटभट्टीला देऊ नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या केंद्राकडे, म्हणजे तुमच्या भागातून तळोज्याला, नोंदीसह पाठवावा लागतो. हा खर्च धरल्यावर स्वस्त कार्बन स्वस्त राहतो का, तेही त्याच कागदावर बघा.

पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येतो, उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी. करवंटीच्या कार्बनची नळी बसवली तर दोन्ही प्रश्न सुटतील का? (चेंबूर)

पहिला सुटेल, दुसरा नाही. पावसात गढूळपणा वाढतो तेव्हा क्लोरीनची मात्राही वाढवली जाते, आणि क्लोरीनला कार्बनसारखा उपाय नाही. क्लोरीन नुसता चिकटत नाही, पृष्ठभागाशी क्रिया होऊन त्याचं क्लोराइड होतं. जडपणा, क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र कार्बनमधून सरळ निघून जातात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या नातेवाइकांनी फ्लोराइडसाठी अशी नळी मागवली असेल तर त्यांना थांबवा. तिथे सक्रिय अॅल्युमिना लागतो.

माप असं धरा. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत ६० सेंटिमीटर थर म्हणजे ४.७ लिटर, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. पाणी थरात पाच मिनिटं राहायला हवं, म्हणून प्रवाह मिनिटाला ०.९ लिटरपेक्षा जास्त नको. नळ पूर्ण सोडला तर क्लोरीन त्याच पाण्यासोबत पलीकडे जाईल. दाणा ०.४ ते १.७ मिलिमीटरचा घ्या. आधी बादलीत काळं पाणी जाईपर्यंत धुवा आणि २४ तास बुडवून ठेवा. छिद्रांतली हवा निघाली नाही तर थरात वाटा पडतात आणि पाणी तेवढ्याच वाटांनी पळतं. पहिल्या पाण्याचा पीएच ९-१० भरला तर घाबरू नका. करवंटीच्या राखेत पोटॅश असतं, ते धुऊन जाईल.

धोका एकच, पण मोठा. क्लोरीन गेलेलं पाणी बिनपहाऱ्याचं असतं. जंतू कार्बनच्या दाण्यांवरच वस्ती करतात. म्हणून नळी टाकीच्या आधी कधीच बसवू नका. पिण्याच्या नळालाच लावा, तिच्या पुढे उकळणं किंवा यूव्ही ठेवा आणि चार दिवस गावाला जाऊन आलात तर पहिलं पाणी सोडून द्या.

आयोडीन अंक (एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन ओढतो तो आकडा) काढताना दर वेळी वेगळा आकडा येतो. (महाविद्यालयातले प्रयोगशाळा साहाय्यक, अंधेरी)

तुमची पद्धत अशी दिसते: १ ग्रॅम कार्बन, १० मिली ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, उकळणं, १०० मिली ०.१ नॉर्मल आयोडीन, गाळणं आणि ५० मिलीचं थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन). पद्धत बरोबर आहे. सूत्रही साधं: १२६९.३ मधून (२७.९२ गुणिले थायोसल्फेटचे मिली) वजा करा आणि कार्बनच्या ग्रॅमने भागा. १ ग्रॅमला १० मिली लागले तर अंक ९९०.

घोळ बहुधा पुढच्या ठिकाणी होतो. गाळल्यावर उरलेलं आयोडीनचं द्रावण ०.०२ नॉर्मल असेल, असं धरूनच अंक ठरवलेला आहे, म्हणजे अनुमापनात १० मिलीच्या आसपास यायला हवेत. तुम्हाला ३ मिली आले तर कार्बन जास्त झाला, ३० आले तर कमी. वजन बदलून तीन नमुने करा आणि आलेखावरून ०.०२ चा अंक वाचा. दुसरं, आम्लात ३० सेकंद उकळलंच पाहिजे, नाहीतर नमुन्यातलं गंधक आयोडीन खातं आणि अंक फुगतो. तिसरं, हलवणं बरोबर ३० सेकंद आणि लगेच गाळणं; आकडे तपासायचे तर आधी स्टॉपवॉच घ्या. गाळलेले पहिले २०-३० मिली फेका. आयोडीनचं द्रावण त्याच दिवशी प्रमाणित करा, ते बाटलीत आपोआप उतरतं. आणि नमुना वाळवून घ्या. मुंबईच्या जुलैमध्ये उघडा पडलेला कार्बन सहज १० टक्के ओल धरतो, तेवढ्यानेच ९९० चा ८९० होतो.

वापरलेला कार्बन उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतो का? (डोंबिवली)

उन्हाने पाणी जातं, अडकलेले रेणू जात नाहीत. ते काढायला पुन्हा ८०० अंशांच्या वरची वाफेची भट्टी लागते, आणि प्रत्येक फेरीत ५ ते १० टक्के माल घटतो. घरच्या नळीतला कार्बन संपला की कुंडीच्या मातीत मिसळा. रंग किंवा रसायनावर वापरलेला मात्र मिसळू नका.

कर्जतकडे भाताचं तूस आणि सावंतवाडीला काजूची टरफलं फुकट मिळतात. दोन्हींतून कार्बन होईल का? (बोरिवली)

तुसात वजनाच्या १५ ते २० टक्के राख असते आणि ती जवळजवळ सगळी सिलिका. कोळसा केला की तिचं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे निम्मी जागा वाळूनेच अडवली. कोळसा पातळ कॉस्टिक सोड्यात उकळून सिलिका काढता येते. तसं केलं तर छिद्रंही वाढतात, पण सोड्याचं पाणी कुठे टाकणार ते आधी ठरवा. न धुता वापरायचं असेल तर तुसाचा कोळसा नर्सरीला द्या.

काजूचं टरफल कच्चं जाळू नका. त्यातलं तेल दाहक असतं, हातावर फोड येतात, धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. तेल काढून घेतलेली पेंड कारखान्यांतून मिळते, तिचा कोळसा बरा होतो. तरीही पहिल्या तासाचा धूर वस्तीपासून लांब जाऊ द्यावा लागतो.